गर्भवतींची कैवारी : डॉ. लूसी विल्स

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका कर्तबगार स्त्रीचा परिचय करून देण्याचा प्रघात आहे. महाराणी ताराबाई, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांची चरित्रे यापूर्वी येऊन गेली. यंदा हे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपविले. शाळेत शास्त्र विषय शिकविण्यात माझी उमेद गेलेली. तेव्हा एखादी शास्त्रज्ञ स्त्रीच निवडावी असे मनात आले आणि डॉ. लूसी विल्स यांचे नाव मी निश्चित केले. बाई विलायतेतल्या खऱ्या. परंतु त्यांच्या हातून झालेले सर्वांत मोठे कार्य झाले ते आपल्या मुंबईत, परळ भागात. आणि ते ज्यांच्यासाठी झाले त्या होत्या गिरण्यांतून राबणाऱ्या, चाळींतून राहणाऱ्या गरीब गर्भार बायका. पोटासाठी कोकणातून आणि आपल्या घाटावरून मुंबईस गेलेली कितीतरी कुटुंबे त्या गिरणगावात नांदत होती. म्हणून लूसीबाईंना परक्या मानण्याचे कारण नाही.

या निवडीला दुसरेही एक कारण आहे. गेल्या वर्षी मंडळातर्फे भगिनींची रक्ततपासणी झाली, त्या वेळी नावे लिहून घेण्याचे काम माझ्याकडे होते. हिमोग्लोबिन कमी निघाल्याचे ज्यांना सांगावे त्या बहुतेक जणी हसून विषय सोडून देत. बाईच्या जातीला थोडाफार अशक्तपणा असायचाच, अशी आपली एक पिढीजात समजूत आहे. लूसीबाईंचे आयुष्य म्हणजे या समजुतीला दिलेले उत्तर होय.

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घराणे सुखवस्तू होते. विळे, कोयते अशी धारेची हत्यारे तयार करण्याचा त्यांचा घरचा कारखाना होता. वडील शास्त्र विषयाचे पदवीधर, तर आईचे वडील बर्मिंगहॅममधील नावाजलेले डॉक्टर. अशा घरात मुलींच्या शिक्षणाला आडकाठी होण्याचा प्रश्नच नव्हता. चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात त्यांचे शालेय शिक्षण झाले. मुलींना गणित आणि शास्त्र हे विषय मुलांच्या बरोबरीने शिकविणाऱ्या त्या देशातील पहिल्या काही संस्थांपैकी ती एक होती.

पुढे १९०७ साली त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या आणि वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९११ साली परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परीक्षा दिली, यशही मिळाले. पण पदवी मात्र मिळाली नाही. कारण स्त्रियांना पदवी देण्यास केंब्रिज विद्यापीठ तयार नव्हते, आणि ते तयार होण्यास १९४८ साल उजाडावे लागले! आपल्याकडे मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना पदवी देण्यास एकोणिसाव्या शतकातच प्रारंभ केला होता. ज्या गोष्टीत आपण साहेबाच्या पुढे होतो, तिचाही उल्लेख कधीमधी व्हावयास हरकत नाही.

त्याच साली, म्हणजे १९११ मध्ये, त्यांचे वडील वारले. दोन वर्षांनी थोरली बहीणही गेली. या दोन आघातांनंतर आईला घेऊन त्या सिलोनला जाऊन आल्या आणि १९१४ मध्ये धाकट्या भावासमवेत दक्षिण आफ्रिकेत गेल्या. तेथे असतानाच पहिले महायुद्ध पेटले. भाऊ सैन्यात दाखल झाला. लूसीबाईंनी केपटाउनमधील इस्पितळात काही आठवडे परिचारिकेचे काम केले. झाडे आणि खडक यांचा अभ्यास करणाऱ्या या तरुणीने आयुष्याची दिशा बदलली ती याच सुमारास. त्या मायदेशी परतल्या आणि जानेवारी १९१५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी नाव घातले.

हे विद्यालय म्हणजे रॉयल फ्री इस्पितळाशी संलग्न असलेले, खास स्त्रियांसाठी १८७४ साली निघालेले वैद्यकीय विद्यालय. आपल्या महाराष्ट्राचा त्याच्याशी जुना ऋणानुबंध आहे. बालपणी झालेला विवाह नाकारून न्यायालयात उभ्या राहिलेल्या रखमाबाई याच विद्यालयातून १८९४ साली डॉक्टर होऊन आल्या. लूसीबाईंच्या वेळी तेथे जेरुशा झिराड या पुण्यात शिकलेल्या भारतीय विद्यार्थिनी होत्या. त्या पुढे मुंबईच्या कामा इस्पितळाच्या प्रमुख झाल्या आणि प्रसूतिशास्त्रातील त्यांचे नाव देशभर झाले. आणि आपले कोल्हापूरही या परंपरेत मागे नव्हते. अमेरिकेतून डॉक्टर होऊन येणाऱ्या आनंदीबाई जोशी यांची नेमणूक १८८६ साली कोल्हापूर संस्थानने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात, म्हणजे आजच्या सी. पी. आर. मध्ये, स्त्रियांच्या विभागावर केली होती. दुर्दैवाने क्षयाने त्यांचा घास घेतला आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच नगरीत अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली. परक्या पुरुषासमोर नाडी दाखविण्यासही बायका तयार नसत अशा काळात स्त्री-डॉक्टर म्हणजे केवढा आधार होता, हे वेगळे सांगावयास नको.

१९२० साली, बत्तिसाव्या वर्षी, लूसी विल्स डॉक्टर झाल्या. परंतु त्यांनी दवाखाना थाटला नाही. रॉयल फ्री इस्पितळातच राहून गर्भारपणात स्त्रीच्या शरीरात कोणकोणते रासायनिक फेरबदल होतात, याचा अभ्यास त्यांनी सुरू केला. रोग्याच्या उशाशी बसून कीर्ती मिळविणे सोपे. प्रयोगशाळेत काचनळ्यांच्या सोबतीने वर्षे काढणे कठीण. त्यांनी कठीण तेच पत्करले.

या सुमारास हिंदुस्थानातील बाळंतिणींच्या मृत्यूंचे प्रमाण हा मोठाच चिंतेचा विषय झाला होता. डॉ. मार्गारेट बॅल्फोर या अनुभवी बाई त्याची चौकशी करीत होत्या. गर्भारपणात अनेक स्त्रियांचे अंग पांढरेफटक पडे, पायांवर सूज येई, जिना चढताना धाप लागे आणि बाळंतपणाच्या सुमारास कित्येक जणी दगावत. या विकाराचे मूळ शोधून काढण्यासाठी बॅल्फोरबाईंनी लूसीबाईंना पाचारण केले. १९२८ साली त्या मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. प्लेगची लस जेथे होत असे, तीच ही संस्था.

आता या विकाराविषयी थोडे समजून घेऊ. आपल्या रक्ताच्या एका बारीकशा थेंबात, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये, सुमारे ४५ ते ५० लाख तांबड्या पेशी असतात. फुप्फुसांतला प्राणवायू अंगभर पोचविणे हे त्यांचे काम. एक तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून हाडांच्या आतल्या मगजात नव्या पेशी अहोरात्र तयार व्हाव्या लागतात, आणि त्यांची संख्या दर सेकंदाला वीस लाखांच्या घरात जाते! शरीरात लोह कमी पडले की पेशी लहान आणि फिकट होतात. परंतु मुंबईच्या या बायकांच्या रक्तात उलटाच प्रकार दिसत होता. पेशींची संख्या थोडी. पण असलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या.

याचे कारण आज आपल्याला ठाऊक आहे, आणि ते स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने चटकन समजते. परातीत कणीक भिजवून ठेवली आहे. पण तिचे उंडे तोडणारा हातच नाही, असे समजा. मग वीस पोळ्यांऐवजी चार-दोन बोजड गोळेच राहतील. एका पेशीच्या दोन होण्यासाठी एका विशिष्ट जीवनसत्त्वाची गरज असते. ते न मिळाल्यास पेशी फुगते, पण विभागत नाही. पोटात बाळ वाढत असताना तर आईच्या आणि बाळाच्या असंख्य नव्या पेशी घडावयाच्या असतात. म्हणून हा तुटवडा गर्भारपणातच उघडा पडतो.

लूसीबाईंच्या वेळी मात्र यातले काहीही कोणाला माहीत नव्हते. मोठ्या पेशींचा एक घातक पंडुरोग डॉक्टरांना परिचयाचा होता आणि कच्चे यकृत, म्हणजे आपण ज्याला काळीज म्हणतो ते, खाण्यास दिल्याने तो आटोक्यात येतो, असे अमेरिकेत मिनो आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखविले होते. मुंबईचा विकार त्याच नावाने ओळखला जाई. पण या बायकांच्या जठरात आम्ल नीट तयार होत होते. घातक पंडुरोगात ते होत नाही. म्हणजे दोन्ही रोग दिसावयास सारखे असले तरी एक नव्हेत, हे लूसीबाईंनी ताडले.

मग त्यांनी जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यांनी बायकांच्या चुलीकडे लक्ष दिले. कोणत्या समाजातल्या, कोणत्या परिस्थितीतल्या स्त्रिया काय खातात, कशा जागेत राहतात, याची त्यांनी पाहणी केली. त्यांच्या शोधनिबंधांवर मेहता, तळपदे, बिलिमोरिया अशी आपल्याकडील सहकाऱ्यांची आडनावे दिसतात. पाहणीत आढळले ते असे की, जिचा आहार जितका निकस, तितका हा पंडुरोग तिला अधिक. पडद्यात राहणाऱ्या गरीब मुसलमान बायकांचा आहार सर्वांत हलका होता आणि रोगाचा जोरही त्यांच्यातच सर्वांत अधिक होता.

ही नुसती शंका झाली. शास्त्रात शंकेला पुरावा लागतो. कुन्नूर येथील पाश्चर संस्थेत त्यांनी पांढऱ्या उंदरांना या गरीब बायकांसारखाच आहार देऊन पाहिला. उंदरांना पंडुरोग झाला आणि गाभण माद्या विण्यापूर्वीच मेल्या. आहारात यीस्ट, म्हणजे पाव फुगविण्यासाठी वापरतात ते किण्व, मिसळल्यास हा पंडुरोग टळत असे. परंतु उंदरांच्या अंगावरील उवांमुळे एक निराळाच संसर्ग पसरलेला असण्याचा संभव दिसून आला, आणि या प्रयोगांचा निष्कर्ष शंकास्पद ठरला. दुसरे कोणी असते तर हाती आलेले यश झाकून तसेच पुढे रेटले असते. लूसीबाईंनी माकडांवर पुन्हा प्रयोग मांडले. त्यांतल्या एका मरणासन्न, रोडावलेल्या माकडाला मार्माइट खाऊ घातल्यावर ते पाहता पाहता सुधारले, असे सांगतात. मार्माइट हे यीस्टपासून केलेले, विलायतेत पावाला लावून खाण्याचे एक दाट, काळपट, खारट चाटण. स्वस्त आणि सहज मिळणारे.

हेच चाटण त्यांनी मुंबईतील रुग्ण स्त्रियांना दिले. थोड्याच दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, भूक लागू लागली, चेहऱ्यावर तजेला आला. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे सर्व प्रसिद्ध केले. पुढे त्यांना आणखी एक महत्त्वाची गोष्ट आढळली. यकृताचा साधा अर्क दिल्यास या स्त्रिया बऱ्या होत. परंतु तोच अर्क शुद्ध करून दिला तर गुण येत नसे. ज्या शुद्ध अर्काने घातक पंडुरोग बरा होई तो येथे निरुपयोगी ठरला. अर्थात शुद्ध करताना जे टाकून दिले जात होते त्यातच या बायकांचे औषध होते! या अज्ञात द्रव्याला वैद्यकाच्या ग्रंथांतून कित्येक वर्षे विल्स यांचे नाव दिले जात असे.

१९२८ ते १९३३ या काळात मुंबई, कुन्नूर आणि मद्रासचे गोषा इस्पितळ अशी त्यांची कामानिमित्त भ्रमंती चालू होती. १९३७ च्या अखेरीस त्या पुन्हा दहा आठवड्यांसाठी हाफकिनमध्ये येऊन राहिल्या.

त्या अज्ञात द्रव्याचे रूप उलगडण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. १९४१ साली अमेरिकेत टेक्सास येथील शास्त्रज्ञांनी पालकाच्या भाजीतून एक द्रव्य वेगळे केले आणि लॅटिन भाषेतील पान या अर्थाच्या शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल असे नाव दिले. १९४५ च्या सुमारास ते प्रयोगशाळेत तयार करण्यात यश आले. ज्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत हे घडले तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईच्या गरीब बायकांच्या दुखण्यातून निघालेला धागा असा एका भारतीयाच्या हाती जाऊन पुरा झाला, याचे मला फार अप्रूप वाटते. रक्ताच्या अभ्यासात मुंबईचे नाव पुढेही गाजले. डॉ. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी १९५२ साली एक अत्यंत दुर्मिळ रक्तगट जगापुढे आणला. तो बॉम्बे रक्तगट याच नावाने सर्वत्र ओळखला जातो.

दुसऱ्या महायुद्धात लूसीबाई लंडनमध्ये रॉयल फ्री इस्पितळातच होत्या. जुलै १९४४ मध्ये इस्पितळावर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला, माणसे मेली. प्रयोगशाळेचे काम मात्र काही दिवसच थांबले. त्या इस्पितळातील रक्तविज्ञानाचा पहिला विभाग त्यांनीच उभारला. युद्धातल्या शिधावाटपाच्या काळात गर्भवतींना लोह नियमित दिल्यास काय फरक पडतो, याचाही त्यांनी अभ्यास केला. १९४७ साली त्या निवृत्त झाल्या. पण निवृत्ती म्हणजे विश्रांती नव्हे, अशी काही माणसे असतात. जमेका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा दूरदूरच्या ठिकाणी जाऊन आहार आणि पंडुरोग यांचे निरीक्षण त्या करीतच राहिल्या. आयुष्याच्या अखेरच्या दशकात लंडनच्या चेल्सी विभागात मजूर पक्षातर्फे त्या नगरसेविका होत्या. त्यांनी लग्न केले नाही. डोंगर चढणे, बर्फावरून घसरत जाणे यांची त्यांना हौस होती आणि कामावर त्या सायकलवरून जात. १६ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात या कार्याचे मोल वाढतच गेले. दिवस राहण्यापूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास बाळाच्या मेंदूतील व मणक्यातील जन्मजात व्यंगे मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगाने सिद्ध झाले. बाळाचा मणका गर्भ राहिल्यापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांत जुळून येतो. त्या वेळी पुष्कळ स्त्रियांना आपण गर्भार आहोत याचीही खबर नसते. म्हणून मूल हवे असे ठरले की तेव्हापासूनच ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावी.

आपल्या सरकारी दवाखान्यांतून आणि आरोग्यसेविकांमार्फत गर्भवतींना जी तांबडी गोळी मोफत मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. गर्भारपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस ती घ्यावयाची असते. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत, देशातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना पंडुरोग आढळला. गर्भवतींमध्येही हे प्रमाण शंभरास ५२ होते. गोळी आहे, पण मळमळते म्हणून, शौचाचा रंग काळा होतो म्हणून, ती फळीवरच्या डब्यात राहून जाते. शौच काळे होणे हा केवळ लोहाचा परिणाम आहे, त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर किंवा झोपताना घ्यावी; चहाबरोबर मात्र घेऊ नये, चहामुळे लोह अंगी लागत नाही.

आहाराचे म्हणाल तर आपल्या मंडईत काही कमी नाही. मेथी, चाकवत, पोकळा, पालक, हरभऱ्याचा पाला, मूग, मटकी, हरभरा, शेंगदाणे या सर्वांत लूसीबाईंचे ते द्रव्य आहे. पण ते उष्णतेने नाहीसे होते आणि पाण्यात उतरते. म्हणून भाजी चिरल्यावर धुऊ नये, फार वेळ रटरट शिजवू नये, आणि शिजवलेले पाणी ओतून देऊ नये. एक सावधगिरीही सांगते. फॉलिक आम्लाची गोळी एकटीच, स्वतःच्या मनाने, दीर्घकाळ घेऊ नये. शाकाहारी घरांत बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळदा असते. नुसत्या फॉलिक आम्लाने ती झाकली जाते आणि मज्जातंतूंना इजा पोचू शकते. रक्त तपासून डॉक्टर सांगतील तसेच करावे.

भगिनींनो, लूसीबाईंनी शोध लावला तो एका द्रव्याचा. पण त्यापूर्वी त्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता. या बाईच्या ताटात काय आहे, हा तो प्रश्न. आपल्या घरांतून सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेसुरले घेऊन बसण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. भाजी संपली तर चटणी-भाकरीवर भागवायचे, आणि वर त्याचे कौतुकही व्हायचे! ज्या घरात सून गर्भार आहे, लेक वयात आलेली आहे, तेथे सासूबाईंनी आणि आईने हा प्रश्न रोज एकदा विचारावा. तिचे ताट सर्वांबरोबर वाढावे आणि तिच्या वाटणीची भाजी अगोदर काढून ठेवावी. यंदा मंडळाची रक्ततपासणी पुन्हा होणार आहे. त्या दिवशी आपण स्वतः तर यावेच, पण शेजारची एखादी संकोची वहिनीही हाताला धरून घेऊन यावी, अशी माझी सर्वांना आग्रहाची विनंती आहे.